परवान्याआधी

बेल वाजली तशी ऊर्मिलानं चित्रांची कार्डं गोळा करून सोफ्याच्या उशीमागे कोंबली.

"तू मावशी आहेस, खेळायला येतेस. बास," नंदिनी पुटपुटली आणि दार उघडायला गेली.

पुण्यात ऊर्मिलानं सहा वर्षं हेच काम केलं होतं. आपल्यातच हरवलेल्या, स्वमग्न मुलांना एकेक शब्द, एकेक सवय शिकवायची. अमेरिकन संस्थेचं प्रमाणपत्रही होतं. पण म्युनिकमध्ये त्या कागदाला कुणी विचारत नव्हतं. परवान्याशिवाय उपचार करणं इथे गुन्हा होता. परवान्याची परीक्षा ऑक्टोबरात होती. नंदिनीची मुलगी अपूर्वा अशीच होती; सहा वर्षांची झाली होती, शाळा तोंडावर आली होती. तिला थांबायला वेळ नव्हता, म्हणून ऊर्मिला गुपचूप घरी येऊन शिकवू लागली. मग कुणीतरी तक्रार केली आणि आरोग्य खात्याचं पत्र आलं.

त्या खात्याच्या अधिकारी फ्राउ हुबर जेवणाच्या टेबलाशी बसल्या. आवाज मऊ होता, त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"तर मग, तुम्ही हिच्यावर उपचार करता?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

"नाही. मी मैत्रीण आहे यांची. मुलीशी खेळते."

ऊर्मिलानं ठरलेलं उत्तर दिलं. खोटं उघडं पडलं, तर तिला परीक्षेला बसूच देणार नव्हते.

फ्राउ हुबर अपूर्वाकडे वळल्या. ती जमिनीवर चमचे ओळीनं मांडत होती.

"ही कोण आहे गं?"

परक्या माणसाला अपूर्वानं आजवर कधीच उत्तर दिलं नव्हतं. आठ महिने ऊर्मिला त्या एका उत्तरासाठी झटत होती. आज मात्र ती मनात विनवत होती. बोलू नकोस, बाळा. आज नको.

अपूर्वानं मान वर केली. थेट त्या बाईंकडे पाहिलं.

"ऊर्मिला मावशी."

नंदिनीनं श्वास सोडला.

"थेरपी," अपूर्वा म्हणाली.

फ्राउ हुबरनी पेनाचं टोपण काढलं. अपूर्वा आता ऊर्मिलाकडे बघत होती. अशा वेळी शाबासकी लगेच द्यावी लागते. दोन-तीन क्षण गेले, की मुलाला वाटतं, आपलं चुकलं.

"मुलं काय, काहीही बोलतात," नंदिनी घाईघाईनं जर्मनमध्ये म्हणाली आणि हसली.

अपूर्वाची नजर खाली वळू लागली.

ऊर्मिला खुर्चीवरून उठली, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"शाब्बास! अगदी बरोबर उत्तर दिलंस," ती म्हणाली, जर्मनमध्ये, फ्राउ हुबरना नीट ऐकू जाईल अशा आवाजात.