तव्याची दुमडलेली कड

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे. त्याआधी मी ऑस्ट्रेलियन लढाऊ विमानाच्या पंखाचा पत्रा होतो. महायुद्धात पापुआच्या या किनाऱ्यावर विमान कोसळलं, पेटलं, वैमानिक गेला. पुढे गावकऱ्यांनी मला कापून नेलं. पडलेल्या विमानांची इथे पातेली होतात, फण्या होतात. मी तवा झालो.

माझ्या अंगावर गोळ्यांची भोकं होती. हात कापू नये म्हणून, आता मला वापरणाऱ्या जिनारेच्या आजीने त्यांच्या कडा दगडाने ठोकून सपाट केल्या. एक बाजू दुमडून पकड केली. मग वर्षानुवर्षं माझ्यावर सागूच्या झाडाच्या पिठाच्या भाकऱ्या भाजल्या. कौतुक झालं, काजळी चढली. मला विशेष काही वाटलं नाही.

मग त्या वैमानिकाची मुलगी आली, आयव्ही. बाप गेल्यावर जन्मलेली, आता म्हातारी. सोबत तिच्याच देशातला कॅलम, पडलेल्या विमानांचा शोध घेणारा.

"माझ्या तव्याला भोकं तुमच्याच लढाईने पाडली ना?" जिनारे हसली. "पीठ गळतं. बुजवून द्या."

कॅलमने भोकांची मापं घेतली. "आपल्या बंदुकीची गोळी आहे. पण आगीत याच विमानातल्या गोळ्या उडाल्या असतील, तर कडा बाहेर वळतात. बाहेरून मारा झाला असेल, तर आत. इथे सगळ्याच सपाट केल्यात."

"मग काय, हात कापून घ्यायचे?" जिनारे म्हणाली.

आयव्हीचं बोट माझ्या पकडीवर थांबलं. "ही घडी कधी कुणी उघडली होती का?"

कॅलमने सुरीने घडी उघडली. आत एक भोक होतं, दगड न लागलेलं. बाहेरचा हिरवा रंग अजून तसाच. कडा आत वळलेली.

"बाहेरून," कॅलम हळूच म्हणाला. "आणि त्या दिवशीच्या जपानी विमानांत या मापाची बंदूक नव्हती."

"म्हणजे आपल्यांनीच."

"हो."

"आईने जन्मभर जपान्यांना शिव्या घातल्या," आयव्ही म्हणाली. "आता मी कुणाला घालू?"



"आधी खा, आजी," जिनारेने भाकरी पुढे केली. "गार झाली की दगड होते."

आयव्हीने खाल्ली. जिनारेने घडी परत ठोकायला दगड उचलला, तेव्हा आयव्हीने तिचा हात धरला. जिनारेने दगड खाली ठेवला.

मी अजून चुलीवरच आहे. पकड राहिली नाही, म्हणून जिनारे मला केळीच्या पानाने धरते. मित्रांनो, जुनी वस्तू वापरा, पण ठोकून सरळ करण्याआधी ती कुठे वाकली आहे तेवढं पाहून घ्या.