दोनशे चौदाला खोकला

"आता हा खोकणार," बाबा तर्जनी वर करून म्हणाले.

तो गृहस्थ तीन मिनिटांपूर्वीच खोकून मोकळा झाला होता.

हा आमच्या घरातला 'खोकल्याचा अल्बम'. कव्हरवर वेगळंच, बरंच काव्यमय नाव छापलंय. पण मैफलीचं ध्वनिमुद्रण चालू असताना, क्लॅरिनेटचा सूर अगदी बारीक झालेला असताना, पुढच्या रांगेतला कोणी श्रोता मनापासून खोकला आणि कॅसेटवर अजरामर झाला. वादकाचं नाव आमच्यापैकी कोणालाही धड आठवत नाही. खोकणारा मात्र घरचा माणूस. वीस वर्षं बाबा आधी बोट वर करून वर्दी देत, मग तो खोके, मग आम्ही चौघं हसत असू. बाबांचा नेम एकदाही चुकला नव्हता.

मी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे. मग ती हसली. ती शाळेत शिकवते, वेळ गेलेल्या विनोदांना हसायचा तिला सराव आहे. बाबांचं बोट समाधानाने खाली आलं.

दर रविवारी दहा वाजता आमच्याकडे एक अल्बम लागतो. प्रत्येकाचा नंबर ठरलेला. नियम बाबांचे: अख्खा अल्बम ऐकायचा, गाणं पुढे ढकलायचं नाही, मध्ये बडबड नाही, शेवटी चर्चा आणि दहापैकी मार्क. ताईचं लग्न झालं, मी दुसरीकडे राहायला गेलो, जगातली गाणी फोनमध्ये जाऊन बसली, पण रविवार आणि टेप डेक सुटले नाहीत. अध्यक्ष अर्थातच बाबा. त्यांनी चौतीस वर्षं डब्यांच्या कारखान्यात प्रेसवर झाकणं ठोकली. दर दीड सेकंदाला एक. असा माणूस "तिसरं गाणं भरीचं आहे" असा शेरा मारी, तेव्हा त्या संगीतकाराची कीव यायची. डेकवरचा आकड्यांचा काउंटर शून्यावर आणल्याशिवाय ते बटण दाबत नसत. आम्हाला वाटायचं, प्रेसवरही झाकणं मोजणारा असाच काउंटर होता, त्याची सवय.

आई बाकावर त्यांना खेटून बसायची. तिला एक खोड होती. कोणी काही बोललं की तेच वाक्य ती बाबांकडे तोंड करून पुन्हा म्हणायची.

"मी सात देतो," मी म्हणायचो.

"हा सात देतो म्हणतोय."

"आई, आम्हाला दुभाषी नकोय."

"त्याला दुभाषी नकोय," आई बाबांना सांगायची.

साडेचार महिन्यांपूर्वी आई गेली. शेवटचे दोन महिने तिने डेक उशाशी मागून घेतला होता. कानांना हेडफोन, हातात पेन्सिल, एकामागून एक कॅसेट. पाहून आम्हाला भरून यायचं. "गाण्यांचा निरोप घेतेय ती," ताई म्हणाली होती. ते वाक्य मी नातेवाइकांना पाठवलेल्या मजकुरात घातलं. बऱ्याच जणांना आवडलं.

त्यानंतर रविवार बंदच होते. गेल्या आठवड्यात बाबांनीच फोन करून सांगितलं, "या रविवारी या. बंद पाडायचं नाही." मी बोलायला लागलो, तोवर त्यांनी फोन ठेवून दिला होता. त्यांची पद्धतच तशी, असं मी धरून चाललो. बाबांच्या बऱ्याच गोष्टी आम्ही अशाच धरून चाललो होतो.

तर, पहिली बाजू संपली. बाबा उठले तसं मांडीवरचं घडी केलेलं वर्तमानपत्र घसरलं आणि त्यातून एक जाड वही फरशीवर आपटली. चांगला दणका झाला. बाबा वळले नाहीत. ते डेकपाशी जाऊन कापसाच्या बोळ्याने टेपला टेकणारं हेड पुसू लागले. बाजू बदलताना हेड पुसायचं, हाही नियम.

मी वही उचलली. अक्षर आईचं, सामानाची यादी करतानाचं.

'खोकला. बाजू पहिली. ०४२ – क्लॅरिनेट सुरू. मान हलवा, फार नको. ०९७ – ताई डोळे मिटते. तिच्याकडे बघू नका, रडते. १५० – भरीचं गाणं, नाक मुरडा. २१४ – खोकला. जरासं आधी सांगा. चर्चा: मुलगा सात देईल, तुम्ही आठ द्या. त्याला वाद घालायला आवडतं.'

ताई माझ्या खांद्यावरून वाचू लागली. पानामागून पान. एकतीस अल्बम. कुठे 'वा म्हणा', कुठे 'इथे सगळे हसतात, तुम्हीही हसा'. एका ठिकाणी 'इथे मी तुमचा गुडघा दाबायची, आता आकडा बघा'.

"त्यांना ऐकू येत नाही," ताई म्हणाली. कुजबुजली नाही. नेहमीच्या आवाजात, बाबांपासून चार हातांवर.

"अजिबात?" मीही नेहमीच्याच आवाजात विचारलं.

बाबा मन लावून हेड पुसत होते.

"सांगायचं का त्यांना?" ताईने विचारलं.

"काय सांगणार? 'बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही'?"

आमचे मामा म्हातारपणी बहिरे झाले होते. घरात सगळे त्यांच्या डोक्यावरून बोलत. "काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही, नंतर सांगते." ते 'नंतर' कधी उगवलं नाही. मामा मरेपर्यंत खिडकीशी बसून होते. बाबांनी ते सगळं शेजारच्या खुर्चीतून पाहिलं होतं.

मी वही वर्तमानपत्रात घालून होती तशी घडी केली आणि बाकावर ठेवली.

डेकवरचा काउंटर गाण्याच्या मागे पडत होता; दुसऱ्या बाजूला तो आणखी मागे पडत गेला. शांत जागी बाबांनी वा म्हटलं, टाळ्या चालू असताना नाक मुरडलं. आम्ही दोघांनी प्रत्येक ठिकाणी माना डोलावल्या. इतक्या एकमताने आम्ही आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

"आठ," शेवटी बाबा म्हणाले.

"मी सात देतो," मी म्हणालो. ताई बाबांकडे वळली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "हा सात देतो म्हणतोय."

"कळलं मला. आईसारखं दोन-दोनदा कशाला बोलतेस?"

मग मी वाद घातला. वहीत तसं लिहिलं होतं.

हेड घासलंय असं सांगून मी डेक दुरुस्तीला नेला. काउंटरचा रबरी पट्टा सैल झाला होता. "गाणी छान वाजतायत की साहेब, काउंटर कोण बघतं हल्ली?" दुरुस्तीवाला म्हणाला. मी म्हटलं, घरात एक जण आहे.

पुढच्या रविवारी बाबांनी निळं कव्हर बाहेर काढलं. "आज आईचा नंबर. नंबर चुकवायचा नाही."

पहिली बाजू त्यांनी अशी सांभाळली की आई असती तर दहा दिले असते. वा जागच्या जागी, मान हवी तेवढीच. ताईला डोळे पुसायचे होते. बाबा बरोबर तेव्हा खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या बाजूचं पान मी आदल्या रविवारीच पाहिलं होतं. वहीतलं शेवटचं. त्यावर एकच ओळ होती: '०६३ – इथे मी'. पुढे काही नव्हतं. पेन्सिल खाली घसरत गेल्याची एक रेघ, बस.

०६० आलं. ०६१. मी आणि ताई कान टवकारून बसलो. त्रेसष्टला गाणारी बाई एक श्वास घेते आणि पुढे गाते. बाकी काही नाही. वीस वर्षं हा अल्बम ऐकूनही आई तिथे काय करायची, हे आम्हा दोघांना, चांगले चार कान असून, सांगता आलं नसतं.

बाबांनी आपला गुडघा बाकाच्या रिकाम्या बाजूकडे जरासा सरकवला. आणि तसाच ठेवला.

तिथून पुढे वही कोरी होती. त्यांनी मान हलवली नाही, नाक मुरडलं नाही, आमच्या चेहऱ्यांकडेही पाहिलं नाही. नुसते आकडे बघत बसले. तीनशे सहाला खट् आवाज झाला, बटण आपोआप वर आलं आणि आकडा थांबला.

मग ताईने त्यांच्या समोर जाऊन, ओठ नीट हलवत विचारलं, "बाबा, किती मार्क?"

बाबांनी थांबलेल्या आकड्यावरची नजर काढली नाही. हात वर करून त्यांनी तिला गप्प केलं.

"मध्ये बोलू नकोस," ते म्हणाले. "अजून चालू आहे."

ताई जागेवर येऊन बसली. आम्ही ऐकत राहिलो.