नळ पुरता उघडा

मी एक जुना लोहचुंबक आहे. मित्रांनो, विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात जिन्याजवळ काचेचं एक कपाट आहे, त्यात माझा मुक्काम असतो. शेजारच्या पाटीवर माझी स्तुती लिहिली आहे. ती वाचून कुणी कौतुकाने बघितलं की मला मान खाली घालावीशी वाटते. चुंबकाला मान नसते हे एका परीने बरंच आहे.

कारखान्यात धातूची भुकटी दाबून, भट्टीत भाजून मला घडवलं. तेव्हा मी नुसता चौकोनी ठोकळा होतो. विभागातल्या एका प्राध्यापक बाईंनी मला मागवून घेतलं. बाई तेव्हा तरुण होत्या आणि एकाच गोष्टीच्या मागे लागल्या होत्या. आजार असतो शरीराच्या एका कोपऱ्यात, पण औषध अंगभर फिरतं आणि धडधाकट भागालाही पोळतं. औषधाने थेट दुखऱ्या जागी जावं, असं त्यांना वाटे. म्हणून त्यांनी गंजासारख्या तांबूस द्रव्याचे अगदी बारीक कण केले आणि त्यांच्यावर औषध चढवलं. कण रक्तात सोडायचे आणि मी बाहेरून त्यांना हव्या त्या जागी धरून ठेवायचं, असा बेत होता.

माझी ताकद चहूकडे सांडत होती. बाईंनी मला घासून पाचरीचा आकार दिला आणि ती ताकद एका धारेवर गोळा झाली. हा त्यांचा पहिला शोध. कणांच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यांनी जो लेप शोधला, तो दुसरा. त्या वर्षांत बाई मला पिशवीत घालून घरीही नेत. त्यांचे यजमान म्हणत, "आला का हा? आता माझं घड्याळ बंद पडलंच म्हणून समज. याला बाहेर ठेव, नाहीतर मला तरी ठेव!"

मग एकदा विभाग लोकांना पाहण्यासाठी खुला केला. बाईंनी काचेच्या नळीतून पाणी सोडलं, त्यात कण मिसळले आणि मला नळीला टेकवलं. माझ्यासमोर तांबूस डाग जमत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण नळाची तोटी बाईंनी जेमतेम किलकिली ठेवली होती. रक्त त्याहून कितीतरी जोरात धावतं. "हे संथ पाण्यात झालं हं," असं त्या म्हणाल्या, पण टाळ्यांमध्ये ते कुणाच्या कानावर गेलं नाही आणि त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझा फोटो आला. खाली छापलं होतं, 'आता चुंबक ओढणार आजार'. मी फुलून गेलो होतो.

काही दिवसांनी एक शिंपी बायकोला घेऊन आला. तिच्या डोक्याला रुमाल होता आणि दोन जिने चढून तिला धाप लागली होती. ती माझ्याजवळ वाकली, शिंपीही वाकला, तशा त्याच्या खिशातल्या टाचण्या उडून मला चिकटल्या.

"बघा, याला तुमच्याच टाचण्या आवडल्या," ती हसून म्हणाली. "मला काय ओढणार हा? डॉक्टर म्हणतात, माझ्या रक्तात लोहच नाही."

बाईही हसल्या. मग शिंपी म्हणाला, "बाई, हिच्या यकृतात गाठ आहे. दवाखान्यातलं औषध आम्ही थांबवलंय. फार हाल होतात हो हिचे. पेपरात वाचलं, तर हीच म्हणाली, आता चुंबकवाल्या बाईंकडेच जायचं."

बाईंचा चेहरा उतरला. "कधीपासून थांबवलंय?"

"पेपर आला तेव्हापासून."

बाई नळीकडे वळल्या. त्यांनी नळीत कण सोडले, मला टेकवलं आणि तोटी पुरती उघडली. पाणी जोरात धावलं. मी होती नव्हती ती सगळी ताकद लावली. कण माझ्यासमोरून सरळ वाहून गेले. काच स्वच्छ राहिली.

"पाहिलंत?" बाई म्हणाल्या. "हा धरू शकत नाही. त्या दिवशी मी हे दाखवायला हवं होतं. माझं चुकलं. आजच्या आज दवाखान्यात परत जा. मी येते बरोबर."

शिंप्याची बायको त्या स्वच्छ काचेकडे बघत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "चला, तुमच्या टाचण्या सोडवून घ्या आधी."

औषध पुन्हा सुरू झालं. बाई दवाखान्यात जात राहिल्या. पण पुढच्या वर्षी ती गेली.

त्यानंतर शिंपी एकटाच आला. या वेळी त्याने टाचण्या बाहेरच काढून ठेवल्या होत्या. "डॉक्टर म्हणाले, तसंही फारसं हातात नव्हतं," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "तसं म्हणू नका, भाऊ. मधले दिवस माझ्यामुळे गेले."  माफ केलं असं शिंपी म्हणाला नाही, आणि बाईंनी तसं मागितलंही नाही.

बाईंनी पुढे वेगळे कण केले, ऊब दिली तरच औषध सोडणारे. त्यात त्यांच्या नोकरीची उरलेली वर्षं गेली. ते काम पाहायला कुणी आलं, की जे जमत नाही ते त्या आधी दाखवत. त्या कामात माझा उपयोग नव्हता. मी लोखंडी कपाटावर सूचनांचे कागद धरून असे. माझ्यावर धूळ बसली. मला वाटे, हेच ठीक आहे.

बाई निवृत्त झाल्यावर मला या कपाटात आणलं. माझ्यासमोर कण मिसळलेल्या पाण्याची नळी आहे आणि बाहेर तोटी. 'नळ पुरता उघडा' अशी चिठ्ठी बाईंनी स्वतः तिथे चिकटवली आहे. पण मुलं येतात, तोटी जराशी फिरवतात, डाग जमला की टाळ्या वाजवतात आणि पळतात. त्या टाळ्या मला टाचण्यांसारख्या टोचतात.

शिंपी आता म्हातारा झाला आहे. अजून कधीमधी येतो. तोटी पुरती उघडतो, काच स्वच्छ होईपर्यंत उभा राहतो आणि नळ बंद करून जातो.

मित्रांनो, तुम्ही आलात तर माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण टाळी वाजवण्याआधी तेवढा नळ पुरता उघडा.