वधूपित्याचा ग्लास

चिमीच्या लग्नात पाहुण्यांना दारू द्यायची की नाही, यावरून त्या घरात महिनाभर धुसफूस चालली होती. आईचं म्हणणं सरळ होतं. "आगीशेजारी लोणी ठेवायचं आणि वितळलं की कपाळ बडवून घ्यायचं, हा शहाणपणा कुणी शिकवलाय तुम्हाला?"

लोणी म्हणजे बाबा. ते समोरच बसलेले असत, वर्तमानपत्रात तोंड घालून. त्यांचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. एके काळी त्यांचे हात असे थरथरायचे की स्क्रूची खाच सापडता सापडायची नाही, आणि गिऱ्हाईक आपला पंखा काखोटीला मारून निघून जायचं. पुढे त्यांनी दारू सोडली. कशी सोडली ते बोलायची घरात पद्धत नव्हती. आता तिसरं वर्ष लागलं होतं आणि हात पुन्हा जागेवर आले होते.

पण नवरदेवाकडची मंडळी ऐकेनात. नवरदेवाचे काका फोनवर म्हणाले, "अहो, चार माणसं येणार, त्यांच्या हातात काय नुसतं लिंबूसरबत द्यायचं? आणि तुमचा मुलगा तर त्यातला जाणकार! घरचा सोनार असताना कान बुचे ठेवणार का तुम्ही?"

मुलगा, म्हणजे घरातला थोरला, एका हॉटेलच्या बारमध्ये कॉकटेलं करायचा. ज्याच्या बापाने बाटलीपायी घर टांगणीला लावलं त्याने बाटल्यांतच नोकरी धरावी, यावर नातेवाईक पाठीमागे खूप बोलून झाले होते. शेवटी थोरल्यानेच तोड काढली. म्हणाला, "काउंटर मी सांभाळतो. माझ्या हातात असलं म्हणजे माझ्या डोळ्यासमोर राहील."

आणि मग त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. आजही कुणी त्याला विचारलं तर तो म्हणेल की कल्पना वाईट नव्हती. त्याने तीन पेयं बेतली आणि प्रत्येकाची जोडी केली. एक खरं, एक पोकळ. 'पोकळ' हा बाबांचाच शब्द. दोघांचा रंग तोच, ग्लास तोच, वर तरंगणारा बर्फ तोच. पोकळमध्ये दारूचा थेंब नाही, पण हातात धरलं तर कुणाला शंका येऊ नये. वधूपित्याने चारचौघांत ग्लास हाती घेऊन उभं राहावं, "तुम्ही नाही का घेत?" असं कुणी विचारू नये, आणि त्या प्रश्नाला जे खरं उत्तर आहे ते लेकीच्या लग्नात कुणाला द्यावं लागू नये, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

पेयांची नावं बाबांनी ठेवली, चिमीच्या लहानपणच्या तऱ्हांवरून. बिटाचं आंबट ते 'रुसवा'. मधाचं, गोड, ते 'लाडोबा'. आणि आलं, मिरी, काळा चहा घातलेलं, जिभेवर ठेवताच चुरचुरणारं, ते 'आगाऊ'.

सुट्टीच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाचण्या चालत. थोरला पोकळ ग्लास पुढे सरकवायचा, बाबा घोट घ्यायचे आणि डोळे बारीक करायचे.

"छे. खोटं वाटतंय."

"का?"

"घशातून उतरताना जरा भांडण व्हायला हवं. हे आपलं मुकाट खाली जातंय, नव्या जावयासारखं."

थोरला मिरी वाढवायचा. चहा कडू होईपर्यंत उकळायचा. व्हिनेगरचे दोन थेंब टाकायचा. एका दुपारी बाबांनी 'आगाऊ'चा घोट घेतला, खोकले, आणि टेबलावर थाप मारली. "हां! आता जळतंय की रे!"

आई पोळ्या लाटत होती. तिने मान न वळवता विचारलं, "बापलेकांचं काय चाललंय?"

"अगं, चहाच आहे. आल्याचा."

"चहा आहे, मग तुमचे डोळे का असे लकाकतायत?"

बाबांनी ग्लास खाली ठेवला. लाटणं तेवढं पोळपाटावर फिरत राहिलं.

खरा कुठला आणि पोकळ कुठला हे ओळखायला थोरल्याने एक खूण ठरवली होती. प्रत्येक ग्लासावर संत्र्याच्या सालीची वळी. काठाबाहेर लोंबती असली तर खरा, आत बुडवलेली असली तर पोकळ. खूण तिघांनाच ठाऊक, त्याला, बाबांना आणि शेवटी सांगावी लागली म्हणून आईला. चिमीला सांगायचं नाही, असं बाबांनी निक्षून सांगितलं होतं. "तिला कळलं तर भर मांडवात माझ्या ग्लासाकडे बघत बसेल. एक दिवस तरी तिने माझी राखण करू नये."

लग्न लागलं, जेवणं झाली आणि दुपार कलताना सगळे हॉलमागच्या हिरवळीवर आले. थोरल्याचं काउंटर एका झाडाखाली मांडलं होतं. काउंटरपुढे ही गर्दी! नवरदेवाचे मित्र म्हणत होते, "दादा, दोन रुसवे!" कुणी मावशी विचारत होत्या, "अहो, यातलं त्यातल्या त्यात सभ्य कुठलं?" थोरला हसत होता, बर्फ हलवत होता, आणि दर दोन ग्लासांमागे मान उंच करून बाबा कुठे आहेत ते बघत होता. बाबा नव्या कोटात, व्याह्यांशेजारी, खुर्चीवर ताठ बसले होते. शाळेच्या पहिल्या दिवशी पोर बसतं तसे.

नवरदेवाकडे एक रीत होती. पहिली फेरी नवरानवरीने स्वतः वडीलधाऱ्यांना न्यायची, मग काकांनी दोन शब्द बोलायचे, मग सगळ्यांनी एकदम पहिला घोट घ्यायचा. थोरल्याने ट्रे भरला. सगळे 'आगाऊ'. सालीच्या वळ्या बाहेर लोंबत्या. एकच वळी आत बुडवलेली. चिमी आली तेव्हा त्याने तिला बजावलंही, "हा जो अलीकडचा आहे ना, तो बाबांना. आठवणीने."

"बरं रे बाबा," ती म्हणाली.

तो बर्फ काढायला खाली वाकला.

चिमी कापडाच्या मोठ्या दुकानात काचेमागची मांडणी करायची. पुतळ्यांना साड्या नेसवायच्या, घड्या लावायच्या, रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर अडली पाहिजे असं सगळं मांडायचं. वाकडं दिसलं की सरळ करायचं हा तिचा धर्मच. घरी जेवायला बसली तरी ती आधी पानातली लिंबाची फोड जागेवर सरकवायची. तिने ट्रेकडे पाहिलं. एका ग्लासातली साल बिचारी आत पडलेली. तिने ती दोन बोटांनी अलगद उचलली, पुसली आणि बाकीच्यांसारखी काठावर अडकवली. ग्लास सगळे एका बाजूला आले होते, तेही गोलात नीट मांडले. आणि नवऱ्याला घेऊन निघाली.

थोरला उभा राहिला तेव्हा ट्रे हिरवळीच्या मध्यावर पोहोचला होता. लांबूनही त्याला दिसलं. सगळ्या वळ्या बाहेर. एकसारख्या. फुलासारखा सुंदर दिसत होता तो ट्रे.

त्याने हाक मारली, "चिमे!"

तिने वळून हात हलवला. तिला वाटलं दादा कौतुक करतोय.

तोवर ज्याला जो हाताला लागला तो त्याने उचलला होता. बाबांना चिमीने स्वतः दिला. तोच अलीकडचा होता की दुसरा कुठला? थोरला बघत राहिला. रंग तोच, बर्फ तोच, साल तीच. बाराही महिने हेच काम करणारा माणूस तो, आणि त्याला आपण केलेली वस्तू ओळखता येईना. ती ओळखू येऊ नये म्हणूनच तर महिनाभर राबला होता.

काउंटर सोडून तो निघाला, पण काकांचं भाषण सुरू झालं होतं आणि सगळे स्तब्ध उभे होते. वाटेत काकांनीच त्याचा खांदा पकडला. "आणि हे आमचे कारागीर! पळू नका, पळू नका. सांगा बरं मंडळींना, या 'आगाऊ'त काय काय दडवलंय?"

"आलं," थोरला म्हणाला. "मिरी... चहा..."

"आणि?"

"आणि बाकीचं."

हशा पिकला. काकांनी ग्लास उंचावला. सगळ्यांनी उंचावले. काकांच्या हाताखाली थोरल्याचा खांदा होता आणि डोळ्यांसमोर बाबा होते. बाबांनी घोट घेतला. थांबले. डोळे मिटले. मग उघडून त्यांनी थेट थोरल्याकडे पाहिलं आणि हसले. इतकं मोकळं हसू त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्या हसण्याचा अर्थ काय घ्यायचा? पोकळ असेल तर, छान जमलंय. खरा असेल तर... पुढचा विचार त्याने केला नाही. हातात रिकामा ट्रे घेऊन तो ग्लास गोळा करत फिरू लागला. प्रत्येक ग्लास उचलताना हळूच नाकापाशी न्यायचा. काकांचा खरा. व्याह्यांचा खरा. विहीणबाईंचा खरा, निम्मा झाडाच्या कुंडीत ओतलेला.

नवरदेवाची आत्या तेवढ्यात मैत्रिणींच्या खांद्यावर रेलून म्हणत होती, "चढली बाई मला! कानशिलं बघ कशी तापलीत. माझ्याने उभं राहवत नाही."

"आत्याबाई, द्या ग्लास."

"घ्या हो घ्या. फार कडक करता तुम्ही! आता मी गाणंबिणं म्हटलं तर तुमच्यावर."

त्याने ग्लास हुंगला. आलं. मिरी. उकळलेला चहा. दुसरं काही नाही.

एरवी या गोष्टीवर घरात वर्षभर हसले असते. आत्याबाई पोकळ ग्लासावर डुलत होत्या. थोरला तसाच बाबांच्या खुर्चीकडे निघाला.

बाबांचा ग्लास रिकामा होता. तळाशी बर्फसुद्धा नव्हता. थोरला त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला, जणू काही सांडलेलं पुसतोय.

"बाबा."

"साल बाहेर दिसली, वाटलं सरकली असेल. पहिल्याच घोटाला कळलं मला," बाबा हळू आवाजात म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुःखाचं नव्हतं. "आधी धसका बसला. मग म्हटलं, चिमीच्या हातून आलाय, भरलाय तू. तुम्ही दोघांनी ठरवूनच दिला असणार. म्हटलं, पोरांचा आपल्यावर एवढा भरवसा बसला. एका दिवसापुरता का होईना, बाप चारचौघांसारखा झाला."

थोरल्याने हातातला ट्रे गवतावर ठेवला. 'हो' म्हणावं तर दुसरा ग्लास द्यावा लागणार. 'नाही' म्हणावं तर हे हसू त्यानेच पुसायचं. आणि ग्लास कुणी बदलला हे तर आयुष्यभर बोलायची सोय नव्हती.

"चुकून गेला, बाबा."

"कुणाच्या चुकीने?"

"माझ्या."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. हसू एकदम गेलं नाही. चेहऱ्यावर नुसतंच राहून गेलं, आतून कुणी विझवलेलं.

"असं होय," ते म्हणाले.

तेवढ्यात काका आलेच. "अहो, वधूपित्याचा ग्लास रिकामा? कारागीर, घरच्यांनाच विसरलात की!" आणि त्यांनी काउंटरवरून उचलून आणलेला भरलेला ग्लास बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो घेतला. थोरल्याने पाहिलं, बोटं ग्लासाभोवती कशी बसली. नवख्या माणसासारखी नाही. घरी परतलेल्या माणसासारखी. काका पुढे गेले. बाबांनी ग्लास वरही नेला नाही आणि खालीही ठेवला नाही.

"मला इथून ने," ते म्हणाले. "आत्ता ने. आणि मी काही म्हटलं तरी परत आणू नकोस."

थोरल्याने ग्लास त्यांच्या मुठीतून सोडवला. सोडवावाच लागला. भांडीवाल्यांच्या दाराने दोघं बाहेर पडले. मागे काउंटरवर कुणीतरी ओरडत होतं, "दादा, अहो दादा, तीन लाडोबा!" वाटेत आई भेटली. तिने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक शब्द न विचारता बाजूला झाली.

गाडी हॉलच्या बाजूला उभी होती. थोरल्याने बाबांना मागच्या सीटवर बसवलं, शेजारी स्वतः बसला आणि किल्ली खिशात घातली. काचा वर होत्या तरी गाण्याचा ठेका आत येत होता. बराच वेळ बाबा नीट होते. मग त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"आता उतरलं सगळं. चल आत."

"थोडं थांबू."

"अरे, घरच्यांचा फोटो राहिलाय. वधूचा बाप फोटोत नको? लोक काय म्हणतील?"

"तुम्हीच म्हणालात, परत नेऊ नकोस."

"ते मघाशी. आता मी शुद्धीवर बोलतोय." त्यांचा आवाज खरोखरच शहाण्या माणसाचा होता. "दार उघड. तुझ्या बहिणीचं लग्न आहे."

थोरल्याला कळेना की हे बाबा बोलतायत की पोटातला तो एक ग्लास बोलतोय. वास घेऊन कळण्यातली ही गोष्ट नव्हती. त्याचा हात दाराच्या कडीवर होता. खिशातला फोन थरथरला. चिमीचा. थांबला. पुन्हा थरथरला.

मग चिमी स्वतःच बाहेर आली. नवी साडी दोन्ही हातांनी उचलून धरलेली, अनवाणी. ती दोन गाड्यांच्या मधून उन्हाला डोळे बारीक करत बघत होती.

"बघा, आलीच शोधायला," थोरला म्हणाला. त्याने कडी अर्धी ओढलीही.

आणि मघापासून दारासाठी हुज्जत घालणाऱ्या बाबांनी त्याचं मनगट धरलं. ते सीटवर खाली खाली सरकले आणि पुढच्या सीटच्या पाठीमागे त्यांनी डोकं लपवलं. नवा कोट मानेपाशी चुरगळला.

"नको," ते कुजबुजले. "तिला नको दिसू दे. मी आत गेलो तर घेईन रे."

थोरलाही खाली वाकला. दुसरं काय करणार? चिमी हाक मारत गाडीच्या जवळून गेली. "बाबा! दादा! अरे, फोटोवाला थांबलाय!" ती पलीकडे झाडापर्यंत गेली, परत फिरली. जाता जाता एका गाडीचा वाकडा झालेला आरसा तिने सरळ केला. मग आतून कुणीतरी तिला बोलावलं आणि ती गेली.

"गेली?" बाबांनी विचारलं.

"गेली."

तरी ते वर उठले नाहीत. आत गाणं बंद झालं. फोटोवाल्याचा आवाज तेवढा स्पष्ट ऐकू येत होता. जरा जवळ या, तो म्हणत होता, मध्ये जागा राहतेय, अजून जवळ या.