बारा तारा, एक सूर खाली

माझ्या दादाला घरात मी चालते, माझी गिटार चालत नाही. तो गिटारीच्या शिकवण्या घेतो. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत त्याचे विद्यार्थी बसतात, आणि मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून मागच्या दाराने घरात शिरते, कारण पुढून आलं की साहेबांची तंद्री मोडते. लहानपणी मला शिकव म्हणून मागे लागले होते, तेव्हा त्याने माझी बोटं उलटसुलट करून पाहिली आणि आखूड आहेत म्हणून सोडून दिली. तेव्हापासून तो माझ्या डोक्यात जातो.

पुढे मी पगारातून बारा तारांची गिटार आणली, दुकानातली सगळ्यांत स्वस्त. दादाने एकदा छेडली आणि म्हणाला, कपडे वाळत घालायला बरी आहे. वहिनी हसली. मी मोबाइलवर बघून बघून शिकले. प्रत्येक तारेला तिची जोडीदार तार, त्यामुळे साधा कॉर्ड धरला तरी खोली भरून जाते. त्याच्या महागड्या गिटारीला ते जमत नव्हतं. मी वाजवायला बसले की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

पण हलक्या लाकडाला बारा तारांचा पूर्ण ताण सोसत नाही. दुकानदाराने बजावलं होतं, कायम एक सूर उतरवून ठेवा. तरीही पुढच्या फळीवरची, तारा अडकवायची लाकडी पट्टी मागून जराशी उचलली गेली होती. कागद सरकेल एवढी फट. ती मी रोज पाहायचे.

त्या रविवारी शाळेच्या सभागृहात दादाच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. दुपारी मी स्वयंपाकघरात ताटं पुसत होते आणि आतून माझी गिटार ऐकू आली. मला न विचारता घेतली होती. शेवटच्या गाण्याला भरीव आवाज हवा, असं वहिनी म्हणाली. मग खुंट्या करकरायला लागल्या. सुराच्या बाबतीत दादा हटवादी. उतरलेली तार त्याला सहनच होत नाही. तो एकेक तार वर चढवत होता, बाराच्या बारा. मी एक वाक्य बोलले असते तर थांबला असता. मी ताट पुसलं, मग तेच ताट पुन्हा पुसलं. तुटू दे, म्हटलं. चारचौघांत तुटू दे. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं असतात, त्यातली मी.

सभागृहात मी तिसऱ्या रांगेत बसले. शेवटच्या गाण्याआधी दादा माझी गिटार घेऊन माइकपाशी आला.

"ही माझ्या बहिणीची. स्वस्तातली आहे," तो म्हणाला. "मी तिला शिकवलं नाही, ती आपली आपण शिकली. असा आवाज माझ्या गिटारीतून मला कधी काढता आला नाही. या गाण्यानंतर ती वाजवेल. तिला अजून माहीत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेल्या वहिनीने मला कोपराने ढोसलं. ओरडून थांबवायला अजून वेळ होता. पण मग मला दुपारपासून ठाऊक होतं, हेही सांगावं लागलं असतं. मी बसून राहिले.

दुसऱ्या कडव्यात कडाड आवाज झाला. पट्टी तारांसकट उखडली आणि फळीचा एक लांब तुकडा तिच्याबरोबर निघून आला. मागे कोणीतरी हसलं. दादाच्या मनगटातून रक्त येत होतं, आणि तो तिकडे न बघता तो तुकडा जागेवर बसवायला बघत होता.

सभागृह रिकामं झाल्यावर तो मोडकी गिटार दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे उभा राहिला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मी तारा चढवल्या. तुला विचारलं पण नाही."

याआधी दादाने कधी माझी माफी मागितल्याचं मला आठवत नाही. खरं बोलले असते तर ती परत करावी लागली असती.

"हो," मी म्हटलं. "विचारायला हवं होतंस."