ओला पडदा

झुलालने कडुनिंबाचा डहाळा बादलीत बुडवला आणि सपकन पडद्यावर मारला. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांच्या अंगावर पाणी उडालं, ते हसत मागे सरकले. वैशाखातली दुपार होती. खेळासाठी दारं लावून अंधार केलेल्या गोदामातला कापूस केव्हाच धुळ्याला गेला होता, उरला होता सरकीचा वास आणि पत्र्याखाली कोंडलेला उकाडा. पडदा या टोकाला भिजवावा तोवर त्या टोकाला वाळायला लागत होता.

हा पडदा म्हणजे जाड मांजरपाटाचे दोन पट्टे मध्ये शिवून केलेली चादर. कोरड्या मांजरपाटावर चित्र एकाच बाजूने दिसतं. तो ओला केला की उजेड आरपार जातो आणि पाठीमागे बसलेल्यांनाही चित्र दिसतं. धुळ्याच्या लोकशिक्षण मंडळाला ही युक्ती फार सोयीची होती. कारण एकोणीसशे अडतीसच्या त्या उन्हाळ्यातही मंडळ जे जुनंच रीळ घेऊन गावोगाव हिंडत होतं, त्यात एका गावाने आपली विहीर अस्पृश्यांना मोकळी केल्याची खरीखुरी हकिगत होती, आणि ती बघायला अस्पृश्य पडद्यामागे बसत होते.

मंडळाचे प्रचारक लीलाधर मास्तर. मशीनही तेच फिरवत आणि मुक्या चित्रात काय चाललंय ते तेच ओरडून सांगत. कुणी या बसण्याबद्दल छेडलंच तर म्हणत, आधी बघू तर द्या, एकत्र बसवायला गेलो तर कुणीच यायचं नाही. माणूस वाईट नव्हता. असं बोलताना ते टोपी काढून पुसायला लागत, हे झुलालने पाहिलेलं होतं.

झुलाल मंडळाचा शिपाई. चाळिशी ओलांडलेला, कुणब्याचा, घरच्या जमिनीत चार भावांचं भागेना म्हणून धुळ्याला आलेला. त्याला एकच खोड होती, विचारण्याची. बॅटरीतलं पाणी प्यायलं तर काय होतं, चित्रातली माणसं आता कुठे असतील, मशीन उलटं फिरवलं तर भरलेली घागर रिकामी होईल का, असले प्रश्न तो बैलगाडीत मास्तरांना विचारी आणि मास्तर झोपेचं सोंग घेत. त्याचं काम साधं होतं. पडद्याचा एक दोर खांबाला बांधायचा, दुसरा तुळईवरून घेऊन हातात धरायचा. वारा शिरून पडदा फुगला की दोर ओढायचा. त्यामुळे चार वर्षं तो पडद्याच्या काठाशीच उभा होता. तिथून चित्राची नुसती उजेडाची फट दिसते. म्हणून तो दोन्हीकडची माणसं बघत बसे आणि त्यात त्याचा वेळ मजेत जाई.

घरी मात्र या कामाचा वेगळाच हिशेब होता. बायको मंजुळाबाई त्याला ओट्यावरच अडवायची आणि अंगावर पाणी शिंपडूनच आत घ्यायची. पडद्याला दोन्ही बाजूंची माणसं लागत असणार, असं तिचं म्हणणं. झुलालही मुकाट्याने उभा राहायचा. त्याला त्यात काही चुकतंय असं तोवर वाटलं नव्हतं.

हिंगणवाडे गावातला हा खेळ नेहमीसारखा नव्हता. गावचे चुडामण पाटील, ज्यांना सगळा गाव आबा म्हणे, ते स्वतःच विहीर मोकळी करायला तयार झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या अस्पृश्य वस्तीतल्या एका बाईने पहिली घागर काढायची आणि आबांनी तिच्या हातचं पाणी प्यायचं, चित्रातल्यासारखंच. मास्तरांनी मंडळाला तसं कळवूनही टाकलं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा एखादं गाव खरोखर हललं होतं.

रीळ संपलं. मास्तरांनी चर्चा सुरू केली. काय पाहिलंत, पटलं का, कुणाला काही अडचण? पुढच्या बाजूला बरंच बोलणं झालं. जीवराम तेली म्हणाला की चित्रातली विहीर आपल्यापेक्षा खोल दिसते. कुणी पोहऱ्याचं विचारलं. आबांनी आपला शब्द सगळ्यांसमोर पुन्हा सांगितला. मग मास्तर पडद्याजवळ येऊन पलीकडे बघून म्हणाले, उद्या पहिली घागर घेऊन कोण येणार?

पडद्यामागून उत्तर आलं नाही. मास्तरांनी पुन्हा विचारलं. तिकडे वीस-पंचवीस माणसं होती आणि एकालाही खोकला आला नाही.

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी झुलालला खुणेने तिकडे पाठवलं.

पलीकडे पुढेच भिकुबाई बसली होती. साठीची, विधवा, वस्तीत तिचा शब्द चालायचा. नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून परस्पर इकडे आली होती, म्हणून भरलेली घागर शेजारी ठेवलेली. घागर तिनेच काढायची असं वस्तीचं ठरलं होतं, खेळ सुरू होईपर्यंत. झुलालने विचारलं, आता काय झालं?

"भाऊ, चित्रामाना पाटील डावा हात पुढे करस," भिकुबाई म्हणाली. "डावा हातवर कोन पानी पेस? तो पेत नही. दखाडाले ल्हेस नि फेकी देस. उद्या आम्ही घागर भरसूत नि परवा ती आम्हनाच डोकावर फुटी."

मागच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी तेच पाहिलं होतं, डावा हात, नुसता दाखवण्यापुरता.

झुलाल चक्रावला. चित्रातल्या पाटलाला तो ओळखत होता, ते रीळ काढलं तेव्हा सामान उचलायला झुलालच होता. पाटलाने घटाघटा पाणी प्यायलेलं त्याने स्वतः पाहिलं होतं. पण कोणता हात? तो धावत मास्तरांकडे आला आणि शेवटचा तुकडा परत लावा म्हणाला. दोर त्याने तेवढ्यापुरता खांबाला गुंडाळला. पडदा अजून थोडा ओला होता. चित्र हललं तसा तो पुढे जाऊन उभा राहिला. पाटलाने हात पुढे केला, उजवा. झुलाल पडद्याला वळसा घालून पळत मागे गेला. पाटील अजून पीतच होता, डाव्या हातावर. तो परत पुढे आला. उजवा. लोक हसायला लागले, कुणाला वाटलं शिपायाला ऊन लागलं.

झुलालला मात्र हसू येईना. बोराच्या काट्यावर पाय पडावा तसं त्याला आत कुठेतरी लागलं. चार वर्षं, इतकी गावं, आणि प्रत्येक ठिकाणी पाठीमागच्यांनी हेच पाहिलं असणार. त्यांनी विचारलं नाही आणि आपण, ज्याला सगळ्या जगाची चौकशी, आपणही कधी विचारलं नाही.

मागून पाहिलं की डावं-उजवं उलटतं, हे त्याने मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी एकदा पडद्याकडे, एकदा मशीनकडे पाहिलं. मग आबांकडे जाऊन त्यांनी हळू आवाजात विनंती केली की वस्तीच्या लोकांना दहा मिनिटं या बाजूला येऊ द्या. आबांनी मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. विहिरीला कशीबशी तयार झालेली माणसं होती ती. आबांची मान नकळत नाही म्हणून गेली.

"मग मशीन तिकडे नेऊ," झुलाल म्हणाला.

आबांना हे पटलं. "मशीन कथंबी ठेवा, मास्तर. मानसं आपला आपला जागावर ऱ्हावोत."

टेबल, मशीन, बॅटरी पलीकडे गेली. बॅटरीत आता एका तुकड्यापुरतीच ताकद होती. आणि तेव्हा झुलालच्या लक्षात आलं की बादलीत पाणी नाही. पडदा खडखडीत वाळला होता. असाच लावला तर या खेपेला पाटीलमंडळींना काहीच दिसणार नव्हतं. विहिरीवर जाऊन यायचं तर तोवर लोक थांबले नसते. झुलालची नजर भिकुबाईच्या घागरीवर गेली. तिने ती त्याच्याकडे सरकवली.

त्याने घागरीतलं पाणी बादलीत ओतलं आणि डहाळ्याने पडदा भिजवला. झिऱ्याचं पाणी मांजरपाटातून झिरपून पुढच्या बाजूला थेंबाथेंबाने गळायला लागलं. पुढची रांग आपापले पाय आखडून बसली, पण उठलं कुणी नाही. चित्र बघायचं होतं.

मशीन घरघरलं. झुलालने दोर उजव्या हातात धरला. विहीर आली, बाई आली, घागर आली, चित्रातल्या पाटलाने हात पुढे केला.

"आबा, हाऊ डावा हातवर ल्हेस ना," जीवराम बोलून गेला.

पुढे कुजबुज झाली. तेवढ्यात झुलालच्या कोपराशी पागोटं हललं. आबा उठून पडद्याच्या काठाशी आले होते. त्यांनी नुसती मान पलीकडे घालून चित्र पाहिलं, मान परत घेतली, इकडून पाहिलं. मग ते जागेवर जाऊन बसले. त्या दिवसात आबांनी केलेलं सगळ्यात मोठं काम तेच होतं, असं झुलालला वाटलं.

त्याने भिकुबाईकडे पाहिलं. आता तरी?

"दखं भाऊ," ती म्हणाली. "उजवा हात शे. पन ते चित्र शे. चित्रामा कोनबी पेस. आठे कोन पेस?"

इथे कोण पितो, हा प्रश्न तिने मास्तरांना विचारला नव्हता, आबांनाही नव्हता. झुलालला उगाच मंजुळाबाईचा ओटा आठवला, अंगावर येणारं पाणी आठवलं. ओट्यावर ती विचारणारच, आणि खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. 

"अक्का," तो म्हणाला. वस्तीतल्या कुणाला त्याने असं कधी म्हटलं नव्हतं. "घागरमा काही उरनं शे का?"

तळाशी थोडं उरलं होतं. भिकुबाई घागर घेऊन त्याच्यापाशी आली. मागची माणसं चित्र सोडून इकडे बघायला लागली. झुलालने मोकळा हात पुढे केला.

ती थांबली. घागर तिने वाकवलीच नाही, नुसती त्याच्या हाताकडे बघत राहिली.

झुलालने खाली पाहिलं. दोर उजव्या हातात होता. पुढे केलेला हात डावा होता.

त्याने दोर डाव्या हातात घेतला. घेताना तो वीतभर निसटला आणि पडद्याचं टोक खाली आलं. चित्रातली विहीर वाकडी झाली, पाटलाच्या तोंडाला घडी पडली. दोन्ही बाजूंनी गलका उठला आणि मशीनपाशी मास्तर ओरडले, "दोर, झुलाल, दोर!"

झुलालने उजवा हात तोंडाशी नेला. पाण्याची धार बारीक होती, झिऱ्याच्या वाळूची चव असलेली. घागर पुरती रिकामी होईपर्यंत तो पीत राहिला.

"उद्या कितला वाजता येवानं?" भिकुबाईने विचारलं.

झुलालने ओठ पुसले. मनगटावरून ओघळलेलं पाणी कोपरापर्यंत आलं होतं, आणि पडदा अजून वाकडाच होता.