मान वळते का?

बुधू भगत दारात आला की आधी एकच विचारायचा, "मान वळते का गो?"

वळत नाही म्हटलं की कपाळाला अंगारा लावून निघून जायचा. वळते म्हटलं की ऐसपैस बसायचा, कोंबडं मागायचा, मंत्र पुटपुटायचा. संध्याकाळी मी उठून भाकरी थापायला लागले की वाडीभर त्याचंच नाव. ताप उतरणीला लागल्यावरच हा कसा बसतो, हे सिद्धगडाखालच्या आमच्या वाडीत एकालाही दिसत नव्हतं. मला दिसत होतं, पण आजारी बाईचं ऐकतो कोण.

दुखणंही विचित्रच. डोकं फुटायची वेळ यायची, मान लाकडासारखी ताठ, उजेड सोसायचा नाही. थोड्याच दिवसांत सगळं ओसरायचं आणि मी पुन्हा रानातून मोळी आणायची. काही महिन्यांनी परत तेच.

मला ठकूमावशीने वाढवलं. मी पडले की ती पेज घेऊन धावत यायची. तिसऱ्या खेपेला बुधूने सुपात तांदूळ टाकले, दाणे निरखले आणि म्हणाला, "पेज घेऊन येते तीच भुताळी."

माझ्या नवऱ्याने, झिपरूने, चार बाप्ये घेऊन तिला वाडीबाहेर घातलं. दुसऱ्या दिवशी मी बरी. झालं, पुरावा मिळाला. माझ्या बरं होण्याचीच मला चीड आली. मावशी रानातल्या मोडक्या खोपटात राहू लागली. थंडी ती काढणार नाही, हे स्पष्ट होतं.

पौषात मी पुन्हा पडले आणि खरं सांगते, मला आनंद झाला. मावशी नाही, पेज नाही, तरी मान ताठ. बुधू म्हशाच्या जत्रेला गेलेला. घाबरून झिपरूने मला बैलगाडीत घालून मुरबाडला नेलं, तिथून ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात.

डॉक्टरांनीही आधी मानच बघितली. हनुवटी छातीला टेकेना. मग त्यांनी पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं. झिपरूला वाटलं, हा बायकोचा जीवच बाटलीत भरतोय.

"मेंदूच्या आवरणाला सूज आहे," पाणी तपासून डॉक्टर म्हणाले. "क्षयाची वाटत नाही, पू करणाऱ्या जंतूंचीही नाही. मला विषाणूचा संशय आहे, पण तो पकडायची सोय इथे नाही. काही विषाणू अंगात दडून राहतात, मधूनच जागे होतात. आताही आपोआप बरी होशील. पुन्हा येईलही."

"बाहेरून कुनी करनी करतंय का?" मी विचारलं.

"नाही. आहे ते तुझ्याच अंगात."

परतताना झिपरू गाडीत लांब सरकून बसला. "ह्ये वाडीत बोलू नको," म्हणाला. का, ते मला कळलं होतं: वाडीला अंगातलं म्हणजे भूतच कळणार.

बुधू जत्रेहून परतला, तशी वाडी जमली. बुधू म्हणाला, "ठकू रानातून करते."

मी उभी राहिले. "डॉक्टरनी पाठीतलं पानी बघितलं. बाहेरचं कुनाचं नाय. माज्याच आंगात हाय."

लोकांनी झिपरूकडे बघितलं. त्याने खाली मान घालून होय म्हटलं. बुधूने नजर माझ्यावर रोखली. या खेपेला त्याने सूप मागितलं नाही.

मावशीला परत आणलं. बायांनी तिच्या पायांवर पाणी घातलं. मी पुढे झाले, तशी शेजारच्या जनीने आपलं पोर पदराखाली ओढलं. बाकीच्याही मागे सरल्या.

मावशीने ते पाहिलं.

"यमू, काय सांगून बसलीस गो?"

"खरं हाय तेच," मी म्हणाले आणि तिचं गाठोडं उचललं.